अनुभवाचे बोल : चाकांवरचं घर घेताना



गेल्या अंकात आम्ही बेसमेंटमध्ये पाणी शिरलं त्याची कहाणी सांगितली होती. त्यानंतर गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत एका काकांनी आम्हाला गाठलं. म्हणाले, "बेसमेंट पुरे झालं. तुमच्या दारात ती बस कसली उभी असते, त्याबद्दल लिहा की!" तर या वेळी त्या 'बस'ची गोष्ट.

आई-नाना मागच्या खेपेला आले तेव्हा चार महिने खिडकीशी बसून होते. लांबचा प्रवास ठरवला की नानांना पोटात गोळा येई. प्रोस्टेटमुळे त्यांना दर तासाला बाथरूम लागते, आईचे गुडघे मोटेलचे जिने चढू देत नाहीत, आणि बाहेरचं खाणं तिला चालत नाही. "आम्ही घरीच बरे," असं दोघंही म्हणत. पण ते बरे नव्हते, हे आम्हाला दिसत होतं. पुढच्या खेपेला नाना एकोणऐंशीचे होणार होते. म्हणून आम्ही ठरवलं, घरच बरोबर न्यायचं.

नव्या मोटरहोमच्या किमती बघून डोळे पांढरे झाले. सहा आकड्यांशिवाय बात नाही. म्हणून जुनं. मोटरहोमचे ढोबळमानाने तीन वर्ग : 'ए' म्हणजे बसएवढं, 'बी' म्हणजे व्हॅनमध्येच थाटलेला संसार, आणि 'सी' म्हणजे ट्रकसारखं तोंड आणि चालकाच्या डोक्यावर माळा. चौघांसाठी आम्हाला 'सी' सोयीचं वाटलं.

पहिली गाडी पाहिली ती २००३ची, एकोणतीस फुटी. अडतीस हजार मैलच चाललेली, नवे पडदे, चकचकीत फरशी, किंमत एकोणीस हजार डॉलर. मालक सज्जन. आम्ही उतावळे नवरे, चेकबुक खिशात घेऊनच गेलेलो! आई-नाना नुकतेच आले होते, त्यांनाही नेलं होतं. आम्ही इंजिन ऐकत होतो, तेवढ्यात नाना माळ्यावरचं कपाट उघडून आत डोकं घालून उभे राहिले. म्हणाले, "ओल आहे. गुहागरला कौल फुटलं की माळ्यावर हाच वास यायचा."

आम्हाला ओशाळल्यासारखं झालं. "नाना, गाडी बंद असते, म्हणून कोंदट वास येतो," असं आम्ही समजावलं. नाना वाद घालत बसले नाहीत. त्यांनी कोपऱ्यात अंगठा दाबला आणि तो पिकल्या चिकूत जावा तसा आत गेला. वरच्या कागदाखालचं लाकूड कुजून भुगा झालं होतं. मालकालाही ते ठाऊक नसावं, त्याचा चेहरा पडला. चेकबुक खिशातच राहिलं.

त्या दिवशी शिकलेला पहिला धडा : जुन्या मोटरहोमचा खरा शत्रू मैल नव्हे, पाणी. इंजिन दुरुस्त होतं, पण सांगाडा कुजला की खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाऊ शकतो. 'सी' वर्गात माळ्याचे पुढचे कोपरे सर्वांत आधी गळतात. ते दाबून बघा. छतावरच्या झरोक्यांभोवती, एअर कंडिशनरखाली, खिडक्यांच्या कडांना डाग आहेत का पाहा. बाहेरून भिंतीला डोळा लावून तिरक्या उजेडात बघा. फुगवटा दिसला तर आतला थर सुटला आहे. शिडी लावून छतावर नजर टाका : सांध्यांवरचं सीलंट भेगाळलेलं नको. ओल मोजायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, तेही जवळ ठेवा.

दुसरं, टायर. नक्षी जाड दिसली म्हणून फसू नका. ही गाडी वर्षातले दहा महिने उभी असते, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या कडेला डीओटीपासून सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांच्या पुढचे टायर बदलायचेच, असं धरून किंमत बोला. मागे जोडचाकं असतात, म्हणजे सहा टायर!

तिसरं, कमी मैलांना भुलू नका. जनरेटरच्या तासांचंही तसंच. नुसता उभा राहिलेला जनरेटर कार्बुरेटर चोंदून बंद पडतो. तो महिन्यातून एकदा थोडा भार देऊन चालवलेला बरा. मालकाला आधीच सांगा, "आम्ही येईपर्यंत इंजिन आणि जनरेटर सुरू करू नका." थंड असताना कसे सुरू होतात, त्यातच खरं कळतं.

चौथं, फ्रिज. बहुतेक जुन्या गाड्यांत तो वीज आणि प्रोपेन दोन्हींवर चालतो आणि गार व्हायला कित्येक तास घेतो. म्हणून आदल्या दिवशीच लावून ठेवायला सांगा. उघडल्यावर अमोनियाचा उग्र वास आला किंवा मागच्या बाजूला पिवळट डाग दिसले, तर फ्रिज गेला समजा. प्रोपेनची गळती मेकॅनिककडून तपासून घ्या. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर तारीख असते. मुदत संपली असेल तर पहिल्या प्रवासाआधी नवे बसवा, यात काटकसर नको.

आपल्याकडे मिशिगनमध्ये हिवाळ्यात पाण्याच्या नळ्या रिकाम्या करून ठेवतात. त्यामुळे जानेवारीत स्वस्त मिळते म्हणून घेतलेल्या गाडीचे नळ, पंप, गीझर काहीच तपासता येत नाही. पाणी भरून, प्रत्येक नळ सोडून, सिंकखाली हात घालून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका.

"सहा जण झोपतात" असं जाहिरातीत असतं. त्याचा अर्थ सहा सीटबेल्ट असतात असा नव्हे! बेल्ट स्वतः मोजा. वजनाची मर्यादा लिहिलेली पट्टीही वाचा. चाळीस गॅलन पाणी म्हणजेच तीनशे तीस पौंडांच्या वर भार, त्यात माणसं आणि आईचा प्रेशर कुकर वेगळे.

आम्हाला शेवटी मिळाली ती २००५ची, चोवीस फुटी. एकाहत्तर हजार मैल, विटलेले पडदे. पण मालकीणबाईंनी एक जाडजूड फाइल पुढे ठेवली : तेल कधी बदललं, छताचं सीलंट कधी भरलं, प्रत्येक बिल तारखेनुसार. नानांनी सगळी कपाटं हुंगली आणि मान डोलावली. तरी आम्ही स्वतंत्र तपासनीस नेला. त्याचे काहीशे डॉलर लागले, पण टायर जुने असल्याचा त्याचा अहवाल दाखवून अठरा हजारांचे साडेसोळा झाले. टायटल बाईंच्याच नावावर आहे आणि कर्जाचा बोजा नाही, हे बघूनच पैसे दिले.

आता कडू भागही सांगतो. पहिल्या वर्षात टायर, बॅटऱ्या आणि ब्रेक मिळून साडेचार हजार गेले. तेवढी रक्कम बाजूला ठेवूनच या भानगडीत पडा. गॅलनला आठ-दहा मैल मिळतात. बऱ्याच बँका इतक्या जुन्या गाडीला कर्ज देत नाहीत. काही खासगी पार्क दहा वर्षांपुढच्या गाड्या घेत नाहीत. लांबीचाही विचार करा : ग्लेशियर नॅशनल पार्कच्या 'गोइंग टू द सन' रस्त्याच्या डोंगरातल्या भागात एकवीस फुटांवरची गाडी चालत नाही. वर्षातून एकदाच जाणार असाल तर भाड्यानेच घ्या, स्वस्त पडेल. विकत घ्यायचीच असेल तरी आधी एक शनिवार-रविवार भाड्याच्या गाडीत राहून बघा.

मागच्या सप्टेंबरात आम्ही चौघं मॅकिनॉ पूल ओलांडून अप्पर पेनिन्सुलात गेलो. आईने वाटेत पिठलं-भात केला. नानांनी कुणालाही गाडी थांबवायला सांगितलं नाही. लेक सुपीरियरच्या काठावर खुर्ची टाकून बराच वेळ बसले. मग म्हणाले, "समुद्रच की हा! फक्त खारा वास नाही."

आता ते परत गुहागरला आहेत. फोनवर पहिला प्रश्न आमच्या तब्येतीचा नसतो. "पावसाआधी छत बघितलंस का?" असतो.

तुमच्यापैकी कुणी गाडी बघायला जाणार असेल, तर आमची शिडी आणि ओल मोजायचं यंत्र खुशाल मागून न्या. नाक मात्र तुमचं तुम्हालाच न्यावं लागेल. पुढच्या अंकात, हिवाळ्यासाठी गाडी बंद कशी करायची ते सांगू.