नावांचे दप्तर

नाझी राजवटीने ज्या सुमारे ६० लाख ज्यूंचा संहार केला, त्यांतील बहुसंख्यांना ना समाधी लाभली, ना मृत्यूचा दाखला; आणि म्हणूनच इस्रायलच्या संसदेने १९५३ साली कायदा करून स्थापिलेल्या जेरुसलेम येथील याद वाशेम या संस्थेने मृतांची नावे नोंदविण्याचे जे कार्य चालविले आहे, ते मला कोणत्याही शिलास्मारकाहून श्रेष्ठ वाटते. या कार्याचा मोठा भार ज्यू समाजातील स्वयंसेवक वाहतात. संहारातून बचावलेल्या वृद्धांच्या शेजारी बसून मृत आप्ताचे नाव, आईबापांची नावे, जन्मग्राम, व्यवसाय, अंतकाळचे ठिकाण असा एकेक रकाना ते भरून घेतात. आठवण अडखळली तर थांबतात, कारण ज्या चिमुरडीचे नाव जगात केवळ तिच्या वृद्ध बहिणीलाच ठाऊक उरले आहे, तिच्या अस्तित्वाचा तोच कागद एकमेव पुरावा ठरतो. अशा साक्षपत्रांतून व जुन्या दप्तरांतून आजवर सुमारे ५० लाख नावे हाती आली आहेत. उरलेली साक्षीदारांबरोबरच लोपत चालली आहेत. त्या काळी जे अजाण बालक होते, त्यांनीही आज ऐंशी ओलांडली आहे. तेव्हा ज्या सरकारांना वा संस्थांना या कार्यास द्रव्य किंवा मनुष्यबळ द्यावयाचे असेल, त्यांनी पुढच्या स्मृतिदिनाची वाट न पाहता ते आताच द्यावे.