अनुपस्थित आरोपी

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकातील लीला बेणारेकडे केवळ ‘समाजाचा बळी’ म्हणून पाहण्याची सवय आपल्या समीक्षेला जडली आहे. हे आकलन खोटे नाही. पण अपुरे आहे. बळीला स्वभाव असावा लागत नाही. बेणारेला तो आहे. ती अवखळ आहे, बोचरी आहे, स्वाभिमानी आहे आणि तिच्या सोबत्यांना नेमके हेच सलते. भ्रूणहत्येचा लटका आरोप ठेवून सुरू झालेल्या या खेळात न्यायाधीश काशीकर अखेर तिच्या उदरातील गर्भ नष्ट करण्याचीच शिक्षा फर्मावतात. जो गुन्हा, तीच शिक्षा! या न्यायासनाला चिंता आहे ती जीवाची नव्हे, प्रतिष्ठेची. म्हणूनच रंगमंचावर एकदाही न येणाऱ्या प्रा. दामलेवर आरोप ठेवण्याचे कुणालाच सुचत नाही. बेणारेचे दीर्घ स्वगत सुरू असताना भोवतालची पात्रे निश्चल असतात. ते ऐकतो फक्त प्रेक्षक. मग प्रश्न तिच्या निरपराधित्वाचा उरत नाही. सारे ऐकूनही स्वस्थ बसणाऱ्या आपली जागा त्या न्यायालयात नेमकी कोठे, हा खरा प्रश्न होय.