मान्यवर उपस्थित होते!

दिवाळी अंकात भांडण उकरून काढू नये, असा एक संकेत आहे. चकली कडक असावी आणि लेख मऊ! तरीही यंदा मी भांडणार आहे. ज्याच्याशी भांडायचे तो कोणी माणूस नव्हे; ते एक वाक्य आहे. तुम्हीआम्ही ते रोज सकाळी चहाबरोबर गिळतो : ‘या प्रसंगी अनेक मान्यवर मोठ्या संख्येने उपस्थित होते.’

वर्तमानपत्रातले शहरवार्तांचे पान उघडा. मी पुण्याचे घेतो, कारण ते माझ्या ओळखीचे आहे. नाशिक, सोलापूर, कोल्हापूरच्या मंडळींनी आपापले पान ताडून पाहावे. अमुक व्याख्यानमालेचे उद्घाटन झाले. दीपप्रज्वलन अमक्यांच्या हस्ते झाले. अध्यक्षस्थानी तमके होते. व्यासपीठावर... आणि येथून बारा नावांची मालगाडी सुटते. मग प्रास्ताविक कोणी केले, परिचय कोणी करून दिला, सूत्रसंचालन कोणाचे होते, आभार कोणी मानले. संपली बातमी! आणि वक्ता? वक्त्याने ‘मोलाचे मार्गदर्शन’ केले. अहो, पण काय मार्गदर्शन केले? तो गृहस्थ दीड तास बोलला. त्यासाठी त्याने चार रात्री पुस्तके चाळली असतील, कोणाला तरी दुखवायचे की नाही याचा घोर विचार केला असेल. त्या दीड तासातले एक वाक्यसुद्धा छापायला जागा नाही, आणि आभार मानणाऱ्याचे नाव मात्र आडनावासकट!

ही बारीकसारीक तक्रार आहे असे कोणाला वाटेल. मला वाटत नाही. शहर म्हणजे रस्ते, नळ आणि पूल एवढेच नसते. एके ठिकाणी कोणी काही बोलले, ते दुसऱ्या पेठेत कळले, तिसऱ्या पेठेत त्यावर वाद माजला, तर ते शहर. नाही तर ती नुसती दाट वस्ती.

१८७५ साल पाहा. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिला आता दीडशे वर्षे होऊन गेली. आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात रानडे प्रभृतींच्या बोलावण्यावरून स्वामी दयानंद पुण्यास आले. त्यांची व्याख्याने झाली. पुढे मिरवणूक निघाली, तेव्हा विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढली, चिखलफेक झाली, आणि जोतीराव फुले आपली माणसे घेऊन स्वामींच्या पाठीशी उभे राहिले. ही सारी गंमत इतिहासात येते. पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. त्या व्याख्यानांपैकी पंधरांचे सारांश तेव्हाच कोणी मराठीत उतरवून घेतले आणि छापले. पुढे ते हिंदीत गेले आणि उत्तर हिंदुस्थानात आज ‘उपदेश मंजरी’ म्हणून वाचले जातात. समजा, तेव्हाच्या लिहून घेणाऱ्याने आमच्या पद्धतीची बातमी लिहिली असती : ‘स्वामीजींनी मोलाचे मार्गदर्शन केले. या प्रसंगी न्या. रानडे व मान्यवर मोठ्या संख्येने उपस्थित होते.’ झाले! पंधरा व्याख्याने पावसाच्या पाण्याबरोबर मुठेत वाहून गेली असती.

उपस्थितांची यादी छापण्यावर माझा मुळात राग आहे असे मात्र समजू नका. यादी कशी छापावी हेही पुण्यानेच दाखवले आहे. १८९० मध्ये पंच हौद मिशनमध्ये शहरातली सुशिक्षित मंडळी जमली. पुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हाती धरला. हा बेत जमवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान. त्या इरसाल गृहस्थाने कोण कोण हजर होते त्यांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात प्रसिद्ध करवली! त्या यादीत रानडे होते, टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्तांवरून सुधारक आणि सनातनी दोन्हींकडे रणे माजली. त्या एका यादीने शहर मुळापासून हलले, कारण तेथे हजर असण्याला अर्थ होता. आजच्या यादीतली बारा नावे उद्या बदलून दुसरी बारा घातली, तर त्या बाराजणांखेरीज आणि त्यांच्या घरच्यांखेरीज कोणाची पापणी तरी हलेल काय?

दोष कोणाचा? चालकांना विचारले तर ते सभागृहाच्या भाड्याकडे बोट दाखवतात, आणि ते खोटे नाही. गल्लीतली एक संस्था आहे. वर्गणी शंभर जणांनी कबूल केलेली, दिलेली तीस जणांनी. कोणी दानशूर उभा राहतो, भाडे भरतो, आणि त्या बदल्यात त्याला शाल, श्रीफळ, व्यासपीठावरची खुर्ची आणि वर्तमानपत्रात नाव हवे असते. एका दात्याला शाल दिली तर माझी तक्रार नाही. पण शाल ही मोठी संसर्गजन्य वस्तू आहे. दात्याला दिली की त्याच्या मेव्हण्याला द्यावी लागते, प्रभागाच्या माजी नगरसेवकाला द्यावी लागते, आणि इच्छुकाला तर आधी द्यावी लागते. पाऊण तास सत्कार चालतात. पुढे वक्ता उठतो तेव्हा सूत्रसंचालक हळूच चिठ्ठी सरकवतो, ‘वेळेअभावी वीस मिनिटांत आवरावे.’ ज्याच्यासाठी वेळ काढला त्याच्याच वाट्याला वेळेचा अभाव!

वर्तमानपत्रवाल्यांना विचारावे तर ते म्हणतात, बातमीदार थोडे, सभा फार. म्हणून चालकच बातमी लिहून पाठवतात आणि ती जशीच्या तशी छापली जाते. लग्नाची हकीकत वरमाईनेच लिहिली तर जेवण कसे होते ते कसे कळणार?

मी पोरांना शिकवणारा माणूस. शाळांत हा रोग कोणत्या थराला गेला आहे ते मला रोज दिसते. एकदा एका समारंभाला श्रोते कमी पडतील म्हणून आमच्या सहावीच्या वर्गाला नेऊन बसवले होते. पोरे नऊला बसली. पाहुणे पावणेबाराला आले. पाणी प्यायला उठायचे नाही, कारण रांग मोडते आणि छायाचित्रात मोकळी जागा दिसते. खूण झाली की टाळ्या. दुसऱ्या दिवशी वर्गात मी सांगितले, काल काय पाहिले-ऐकले त्याची बातमी लिहा. भाषणातले एकही वाक्य कोणाला लिहिता आले नाही. त्यात पोरांचा काय दोष? पण एका मुलीने लिहिले होते, ‘पाहुण्यांनी भाषणात वेळेचे महत्त्व सांगितले असावे, कारण त्यांनी तीन वेळा घड्याळ पाहिले.’ दुसऱ्याने लिहिले, ‘सात शाली होत्या. सहा हिरव्या होत्या. एक लाल होती, ती मोठ्या साहेबांना.’ माझ्या मते त्या समारंभाची त्याहून खरी बातमी कोठे छापून आली नाही. छापून आली ती अशी की, ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.’

या ‘उत्स्फूर्त’ शब्दाची मला भीती वाटते. आपण शाळेत सत्य बोलावे म्हणून धडे शिकवायचे, आणि त्याच पोरांनी घरी जाऊन वर्तमानपत्रात वाचायचे की काल आपण उत्स्फूर्त होतो! छापील शब्द खोटा असतो हे ज्ञान अकराव्या वर्षी पदरात पडल्यावर तो मुलगा पुढे वर्तमानपत्र कशाला उघडील?

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही जुन्या काळात वावरता. आता प्रत्येक व्याख्यान यूट्यूबवर असते; ज्याला ऐकायचे त्याने ऐकावे. बरोबर आहे. ज्याला ऐकायचेच आहे तो ऐकतो. पण बातमीचे काम वेगळे असते. जो ऐकायला गेला नव्हता, ज्याला त्या विषयात गोडी आहे हे त्याचे त्यालाही ठाऊक नाही, त्याच्या हातात ती जाऊन पडते. भाजीच्या पिशवीत आलेल्या कागदावर एखादे वाक्य वाचून माणसे वाचनालयाच्या पायऱ्या चढलेली आहेत. दोन तासांच्या चित्रफितीतून वीस ओळी निवडणे याला अक्कल लागते, आणि त्या अकलेलाच बातमीदारी म्हणतात.

आणि आमच्या शहराला हे जमत नाही असेही नाही. १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाची हकीकत वाचा. कोणी कोणता राग घेतला, विलंबित कसे रंगले, साथीला कोण होते, कोठे सूर ढळला, सारे असते. तेथे कोणी लिहून पाहू द्या की ‘गवयांनी मोलाचे गायन केले’! रसिक दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन विचारतील. तीच गोष्ट महाराष्ट्रीय कलोपासकच्या पुरुषोत्तम करंडकाची. १९६३ पासून महाविद्यालयांची पोरे भरत नाट्य मंदिरात एकांकिका करतात, घसा फुटेस्तोवर ओरडतात, आणि निकालावर शहरभर महिनाभर भांडतात. कोणाची एकांकिका काय सांगत होती हे तेथे न आलेल्यालाही कळते. मग गाण्याला जो मान, नाटकाला जो मान, तो बोललेल्या विचाराला का नाही? गाणे ऐकताना आम्हांला कान असतात. व्याख्यानाला जाताना ते आम्ही चपलांबरोबर बाहेर ठेवतो काय?

येथे श्रोत्यांनीही, म्हणजे तुम्ही आणि मी, जरा खाली पाहावे. व्याख्यान चालू असता मोबाईल वर धरून वक्त्याचे छायाचित्र घ्यायचे, ते नातेवाइकांच्या गटावर पाठवायचे, आणि घरी ‘काय म्हणाले हो?’ विचारल्यावर ‘छान बोलले’ म्हणायचे. ‘छान बोलले’ हे ‘मोलाचे मार्गदर्शन’चेच घरगुती भावंड आहे.

माझे मागणे फार नाही. पत्रिकेवर वक्त्याचे आणि विषयाचे नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत असावे. सत्कार करायचेच असतील तर ते व्याख्यानानंतर करावेत; ज्यांना शाल हवी ते तोवर थांबतील, आणि त्या निमित्ताने त्यांच्याही कानांवर चार शब्द पडतील. पोरांना श्रोते म्हणून भाड्याने नेऊ नये. आणि संपादक महाराजांनो, चालकांकडून आलेल्या बातमीत ‘वक्ता काय म्हणाला’ याच्या तीन ओळी नसतील तर ती परत पाठवा. तीनच! एखाद्या श्रोत्याने अडचणीचा प्रश्न विचारला असेल तर चौथी.

येत्या ६ जानेवारीला पत्रकार दिन येईल. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढले तो दिवस. गावोगाव समारंभ होतील, प्रतिमापूजन होईल, पत्रकारांना शाली मिळतील, आणि कोणी तरी मोठे वक्ते पत्रकारितेवर बोलतील. ७ तारखेची सारी वर्तमानपत्रे मी वाचनालयात जाऊन वाचणार आहे. ते वक्ते काय बोलले हे ज्या पत्रात सापडेल, त्याची वर्षाची वर्गणी मी त्याच दिवशी भरीन. पैसे वेगळे काढून ठेवले आहेत.