बाईंच्या पिशवीतून : पाण्याखालचा गवंडी

मुलांनो,

"बाई, तुम्ही इंग्लंडला जाऊन आलात म्हणे! मग राजवाडा, ते मोठ्ठं घड्याळ, याबद्दल कधी लिहिणार?" अशी तुमची पत्रं आली. आता खरं सांगू का? लंडन मी पाहिलंच नाही. विमानतळावरून बस पकडली आणि थेट साउदॅम्प्टनला, बहिणीच्या घरी.

२०२४ च्या मार्चमध्ये तिचं बाळंतपण होतं. आई एकटी विमानात बसायला तयार होईना. म्हणून मी बिनपगारी रजा टाकली. परीक्षा तोंडावर आणि बाई परदेशात! मन खात होतं, पण करते काय? निघायच्या आदल्या दिवशी माझ्या चौथीच्या वर्गाने फर्माइशींची यादीच दिली. चॉकलेटं, तिकडची नाणी, बर्फाचा फोटो. एक मुलगा मात्र म्हणाला, "बाई, तिकडच्या गवंड्यांचं काम बघून या."

या मुलाचे बाबा गवंडी आहेत. आमच्या शाळेची नवी खोली त्यांनीच बांधली. त्या खोलीच्या दाराशी एक कोनशिला आहे, तिच्यावर नऊ नावं कोरली आहेत. याने एकदा ती सगळी मोठ्याने वाचली आणि मला विचारलं, "बाई, यात बाबांचं नाव कुठंय?" तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं होतं. ते मला अजून टोचतं. त्यामुळे त्याची फर्माइश मी पहिली लिहून घेतली.

बहिणीला विचारलं, तर ती म्हणाली, "ताई, विंचेस्टरला जाऊन ये. रेल्वेने वीस मिनिटं. आई आहे माझ्याजवळ."

तर निघाले. आपल्याकडे मार्चमध्ये उन्हाचा चटका बसायला लागतो. तिकडे वसंत नुकता कुठे उंबऱ्यात आलेला! झाडं अजून खराट्यासारखी उघडी, पण त्यांच्या बुंध्याशी पिवळ्या डॅफोडिलची फुलं नुसती उसळलेली. ऊन होतं, पण ते बघायचं ऊन, अंगाला लागतच नव्हतं. मी स्वेटरवर स्वेटर, वर बहिणीचा कोट आणि पायांत दोन मोजे घालून चालले होते. गावातून इचन नावाची नदी वाहते. पाणी असं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. खडूच्या दगडातून झिरपून आल्यामुळे ते इतकं स्वच्छ असतं. हो, आपण फळ्यावर लिहितो त्या खडूसारखाच पांढरा, ठिसूळ दगड!

विंचेस्टर ही एकेकाळी इंग्लंडच्या राजांची राजधानी. आल्फ्रेड राजाचा तलवार उंचावलेला भलामोठा पुतळा रस्त्यात उभा आहे. पण मला बघायचं होतं ते कॅथेड्रल. कॅथेड्रल म्हणजे बिशपचं मुख्य चर्च. हे बांधायला १०७९ मध्ये सुरुवात झाली. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी साडेपाचशे वर्षं! लांबी सुमारे १७० मीटर. आपल्या कबड्डीच्या मैदानाची लांबी १३ मीटर. तशी तेरा मैदानं एकापुढे एक मांडा, म्हणजे अंदाज येईल.

आत बघण्यासारखं खूप आहे. पश्चिमेची मोठी खिडकी रंगीत काचांची आहे, पण तिच्यात धड चित्रच दिसत नाही. १६४२ मध्ये यादवी युद्धात सैनिकांनी ती फोडली. पुढे लोकांनी तुकडे जमतील तसे पुन्हा बसवले. इथे एक डोळा, तिथे एक बोट. मला तर ती आहे तशीच आवडली. जेन ऑस्टिन या मोठ्या कादंबरीकार बाईंची समाधीही इथेच आहे. त्या १८१७ मध्ये गेल्या. समाधीच्या दगडावर त्यांचा स्वभाव, त्यांची बुद्धी यांचं कौतुक कोरलंय, पण त्यांनी पुस्तकं लिहिली याचा उल्लेखच नाही! त्यासाठी १८७२ मध्ये शेजारी निराळी पितळी पाटी बसवावी लागली. मला लगेच आमची कोनशिला आठवली.

मग जिन्याने खाली तळघरात गेले. तिथे पाणी होतं! खांबांमधून चांगलं पसरलेलं, शांत पाणी. आणि मधोमध एक माणूस उभा, ओंजळीकडे टक लावून बघत असलेला. मी दचकलेच. तो पुतळा निघाला, अँटनी गॉर्मली या शिल्पकाराचा. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला जमिनीतलं पाणी वर चढतं आणि तळघर भरतं. मी अगदी नेमक्या वेळी गेले होते म्हणायची.

तिथे माहिती सांगणाऱ्या एक आजीबाई होत्या. माझं इंग्रजी तसं जेमतेम, पण आजी सावकाश बोलायच्या. त्यांनी सांगितलं ते असं.

हे कॅथेड्रल दलदलीच्या जागेवर उभं आहे. खाली पीट नावाची, कुजलेल्या झाडपाल्याची मऊ माती. तेराव्या शतकात पूर्वेकडचा भाग वाढवला, तेव्हा पायाखाली बीच झाडाचे ओंडके आडवे घातले. त्या ओंडक्यांवर अवाढव्य दगडी भिंती! शेकडो वर्षांत ओंडके दबले, माती खचली. १९०५ च्या सुमाराला भिंती बाहेर झुकल्या, तडे गेले, दगडाचे तुकडे खाली पडू लागले.

आता तुम्ही म्हणाल, खणायचं आणि नवा पाया भरायचा, त्यात काय! पण खणायला लागलं की पाणी भसाभस वर यायचं. बरं, पंप लावून पाणी उपसावं तर पाण्याबरोबर भिंतीखालची मातीही निघून यायची. म्हणजे सगळी इमारतच खाली यायची भीती. मग फ्रान्सिस फॉक्स या इंजिनिअरने ठरवलं, पाणी राहू दे, पाण्यात माणूस उतरवू.

तो माणूस म्हणजे विल्यम वॉकर. धंद्याने पाणबुड्या. भिंतीलगत दोनशेहून जास्त खड्डे खणले होते, त्यांत पाणी सहा मीटरपर्यंत खोल. म्हणजे जवळजवळ दोन मजले! अंगावर रबरी पोशाख, डोक्यावर धातूचं शिरस्त्राण, पायांत शिशाचे जड बूट. सगळं मिळून सुमारे ९० किलो. वरून माणसं हातपंपाने हवा पुरवायची. खाली गढूळ पाण्यात काहीच दिसायचं नाही, दिव्याचाही उपयोग नव्हता. वॉकर सगळं काम चाचपून करायचा. मऊ माती काढायची, तळाला काँक्रीटची पोती नीट लावायची, ती चिरायची, वर दुसरा थर लावायचा. तळ असा बंद झाला की मग पाणी उपसायचं आणि वरचे गवंडी विटांचं काम करत भिंतीपर्यंत यायचे. रोज सुमारे सहा तास. १९०६ पासून १९११ पर्यंत. जेवायच्या सुट्टीत तो फक्त शिरस्त्राण काढायचा, कारण सगळा पोशाख उतरवून पुन्हा चढवण्यात फार वेळ गेला असता. सुट्टीच्या दिवशी सायकल मारत क्रॉयडनला घरी जायचा म्हणे. शंभर किलोमीटरच्या वर! मला शाळेपर्यंत चार किलोमीटर सायकल चालवली तरी दम लागतो.

काँक्रीटची पंचवीस हजारांवर पोती, एक लाख पंधरा हजारांच्या आसपास काँक्रीटचे ठोकळे आणि नऊ लाख विटा, एवढं सामान त्या पायात गेलंय. दीडशेच्या आसपास कामगार होते. १५ जुलै १९१२ ला मोठा समारंभ झाला. राजा पाचवा जॉर्ज स्वतः आला आणि त्याने वॉकरला चांदीचं पात्र दिलं. १५ जुलै मुद्दाम निवडला होता, कारण तो इथल्या संत स्विदनचा दिवस. त्या दिवशी पाऊस पडला तर पुढे चाळीस दिवस पडतो, असं तिकडचे लोक म्हणतात. आपल्याकडे नाही का आजी सांगते, "यंदा नक्षत्राचं वाहन बेडूक आहे, धो धो पडणार"? तसंच ते.

१९१८ च्या फ्लूच्या साथीत वॉकर गेला. आणि आता गंमत ऐका. नाही, गंमत कसली, मला तर वाईटच वाटलं. १९६४ मध्ये त्याचा छोटा पुतळा कॅथेड्रलमध्ये बसवला. पोशाख पाणबुड्याचा, पण चेहरा इंजिनिअर फॉक्सचा! फोटोत गल्लत झाली होती. फॉक्ससाहेबही मोठेच, त्यांच्याशिवाय काम झालं नसतं. पण पाण्यात कोण उतरलं होतं? अखेर २००१ मध्ये खऱ्या चेहऱ्याचा नवा पुतळा बसवला. तो मी पाहिला. लहानसाच आहे. आजूबाजूला राजे आणि बिशप केवढाल्या जागा अडवून झोपलेत, त्यामानाने फारच लहान.

परत आल्यावर वर्गात हे सगळं सांगितलं. पहिला प्रश्न आला, "बाई, शिरस्त्राणात नाकाला खाज सुटली तर तो काय करायचा?" उत्तर मला देता आलं नाही. मग एका मुलीने विचारलं, "पण पाण्यात सिमेंट वाळलं कसं?" इथेही मी अडले. खरंच की, वाळणार कसं?

तेवढ्यात तो उठला. "बाई, सिमेंट वाळत नसतं. ते धरतं. धरायला त्याला पाणीच लागतं. पाणी कमी पडलं तर भेगा पडतात. बाबा स्लॅब टाकला की त्याच्यावर आळी करून पाणी बांधून ठेवतात, चांगलं आठ-दहा दिवस."

मी नंतर पुस्तकात पाहिलं. सिमेंट आणि पाणी यांचा रासायनिक संयोग होतो, त्यातून ते घट्ट होतं. बरोबर होतं त्याचं. तो फळ्यापाशी आला आणि आळी कशी घालतात ते खडूने काढून दाखवू लागला. मधल्या सुट्टीची घंटा झाली, तरी मुलं उठेनात.

आमच्या कोनशिलेचं मी मुख्याध्यापकांकडे काढलंय. "बघू," म्हणालेत.

तुमची,
बाई