गोरी नको, आपल्याच रंगाची नवरी हवी



लग्नाची तारीख ठरली की मेकअप आर्टिस्टचा शोध सुरू होतो. ताईंनो, तिचे इन्स्टाग्रामवरचे फोटो बघताना एक प्रश्न विचारा: यात काळ्यासावळ्या नवऱ्या किती? आणि त्या मेकअपनंतरही सावळ्याच दिसतात का?

"दोन शेड उजळ करून देते" हे कौशल्य नव्हे. ती आपल्या कातडीची लाज आहे आणि तिचे पैसे आपणच मोजतो. २०२० साली 'फेअर अँड लव्हली'चे 'ग्लो अँड लव्हली' झाले. नाव बदलले, नजर तीच राहिली.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, अस्पृश्य म्हणून ओळख पटवणारा पेहराव आणि दागिने टाकून द्या. नटण्याला विरोध नव्हता. विरोध हीनपणाच्या खुणांना होता. गोरेपणाचा लेप ही आजची तशीच खूण आहे.

म्हणून बुकिंगआधी ट्रायल घ्या. लग्नाची पांढरी साडी खांद्यावर धरून दिवसाच्या उजेडात बघा: चेहरा, मान, हात एकाच रंगाचे दिसतात का? केस, साडी नेसवणे, प्रवासखर्च, अ‍ॅडव्हान्स, रद्द झाल्यास परतावा, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. पॅकेजसाठी कर्ज काढू नका.

वस्तीत पार्लरचा कोर्स केलेली मुलगी असेल तर आधी तिचे काम बघा. पसंत पडले तर तिला ठरलेला पूर्ण मोबदला द्या. "घरचीच आहे" म्हणून फुकट राबवणे हेही शोषणच आहे.