कवितेवर फिरणारी कात्री

१८८२ मध्ये बोस्टनच्या सरकारी वकिलाने अमेरिकी कवी वॉल्ट व्हिटमनचे ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ हे कवितांचे पुस्तक अश्लील ठरवले. आक्षेपार्ह मजकूर गाळला असता तर पुस्तक तिथेच विकले गेले असते. व्हिटमनने साफ नकार दिला, प्रकाशकाने अंग काढून घेतले आणि पुस्तक फिलाडेल्फियाहून निघाले.

ही कविता पहिल्यापासूनच खुपत होती. १८५५ मध्ये ब्रुकलिनमध्ये त्याने ती स्वखर्चाने छापली, छपाईचे काही खिळेही स्वतः जुळवले. यमक नाही, ठरलेले वृत्त नाही. सुतार, नावाडी, पळून आलेला गुलाम आणि पायाखालचे गवत या साऱ्यांना एकाच पंगतीत मान. त्याची लोकशाही ओळींच्या ठेवणीतच होती. १८६५ मध्ये याच पुस्तकापायी त्याची वॉशिंग्टनमधली सरकारी नोकरी गेली. त्याच शहरातल्या इस्पितळांत यादवीतल्या जखमी सैनिकांच्या उशाशी बसून त्यांना धीर देणारा हाच कवी होता!

आज तीच कात्री पुन्हा फिरते आहे. तरुण कवयित्री अमांडा गोरमन हिने जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीत लोकशाहीची कविता वाचली. सव्वादोन वर्षांनी फ्लोरिडातल्या एका शाळेत एका पालकाच्या तक्रारीवरून ती कविता लहान मुलांच्या कपाटातून काढून वरच्या वर्गांच्या विभागात नेली गेली. तक्रारीच्या अर्जात कवयित्रीचे नावसुद्धा चुकले होते. तरी अर्ज चालला! ‘पेन अमेरिका’ या संस्थेने २०२३-२४ या एका शालेय वर्षात पुस्तके हटवल्याची १०,००० हून अधिक प्रकरणे नोंदवली आहेत. मे २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या प्रमुख कार्ला हेडन यांना तडकाफडकी पदावरून दूर केले गेले. व्हिटमनची हस्तलिखिते सांभाळणारे ग्रंथालय ते हेच.

बंदीचा हुकूम दिसतो, त्याच्याशी भांडता येते. कपाट बदलल्याचा गाजावाजा होत नाही, आणि धास्तावलेला ग्रंथपाल पुढचे पुस्तक मागवतच नाही. खरा धोका या मुकाट माघारीत आहे.

व्हिटमनसारखाच यमक-वृत्ताबाहेरचा मुक्तछंद कवी अनिलांनी मराठीत रुजवला, नामदेव ढसाळांनी त्यातून मुंबईतला गोलपिठा बोलता केला. ही मोकळीक आपलीही आहे. म्हणून शिक्षकांना, ग्रंथपालांना आणि पालकांना आमचे कळकळीचे सांगणे आहे: तक्रारदाराने पुस्तक पूर्ण वाचले आहे काय, हे आधी विचारा. वाचले नसेल, तर पुस्तक जागचे हलवू नका.