मोटारसायकलचा विमा : ही कपात कुणाच्या कामी येते?



ऊस बिलातली एकेक कपात आपण बोट ठेवून विचारतो, आणि विचारलीच पाहिजे. मोटारसायकलच्या विम्याचा हप्ता मात्र पोलिसाच्या भीतीने भरतो, नाहीतर भरतच नाही. गट ऑफिससमोर उभ्या गाड्यांपैकी किती जणांचा विमा चालू आहे, हे विचारायची आम्हांलाच धास्ती वाटते.

गेल्या हंगामात रात्रीच्या पाळीला ऊस घालून परतणाऱ्या एका सभासदाला कुठल्याशा गाडीने मागून उडवले. मांडीचे हाड मोडले, गाडीवाला पसार. "नंबरच नाही, मग मागायचे कुणाकडे?" म्हणून घरची मंडळी गप्प बसली. आम्हांलाही तेव्हा ठाऊक नव्हते, हे कबूल करतो. अशा अपघातासाठी केंद्र सरकारची योजना आहे. 1 एप्रिल 2022 पासून मृत्यू झाल्यास 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार रुपये मिळतात. पूर्वी हेच आकडे 25 हजार आणि साडेबारा हजार होते. पोलिसांत वर्दी द्यायची आणि अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा.

हा पैसा येतो कुठून? विमा कंपन्या थर्ड पार्टीचे जे हप्ते गोळा करतात, त्यातला ठराविक हिस्सा या निधीत जातो. 75 ते 150 सी.सी.च्या मोटारसायकलीला जून 2022 मध्ये वर्षाचा दर 714 रुपये ठरला. म्हणजे तुमच्या-आमच्या हप्त्यातले थोडे पैसे कुण्या अनोळखी जखमीच्या घरी पोचतात. सहकारात वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

बाकीचा हप्ता आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर उपयोगी पडतो. विमा नसेल तर कोर्टाने ठरवलेली भरपाई मालकाच्या अंगावर येते, आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. दोन हजारांच्या दंडाला भिणाऱ्याने सातबाऱ्याकडे आधी बघावे.

आता खरी गोम. मालक-चालकासाठी 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा घ्यावा लागतो. तो मिळतो कुणाला? गाडी ज्याच्या नावावर आहे, जो स्वतः ती चालवत होता आणि ज्याच्याकडे लायसन आहे, त्यालाच. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर आणि फिरवतो पोरगा! हप्ता भरूनही पोराच्या वाट्याला काही येत नाही. मागे बसलेल्या कारभारणीलाही नुसत्या थर्ड पार्टीतून संरक्षण नाही. हाड मोडल्याचे दवाखान्याचे बिलही या 15 लाखांतून निघत नाही. मृत्यू किंवा हातपाय-डोळा कायमचा गेला तरच. कायद्यातली ही उणीव आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. सक्तीने पैसे घ्यायचे, तर घरातल्या लायसन असलेल्या प्रत्येक चालकाला त्यात धरायला हवे. तोवर गाडी जो चालवतो त्याच्या नावावर करून घेणे, एवढेच आपल्या हाती आहे.

सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच भरावा लागतो. त्यामुळे पुढे मुदत कधी संपली ते लक्षातच राहत नाही. आमच्या गाडीची अशीच संपली होती, आठ दिवस तशीच फिरवली. लागणीची नोंद द्यायला याल तेव्हा पॉलिसीचा कागद सोबत आणा, तारीख आम्ही बघून सांगू.

— ऊस विकास अधिकारी